मीटरबॉक्सखालची काळी

आज अखेर काळीला, मीटरबॉक्सखालच्या मांजरीला, डॉक्टरांकडे नेलं. २ वर्षं रोज खायला घालतेय, पण तिने कधी हात लावू दिला नाही. परवा गालाखालची सूज फुटून पू यायला लागला.

आधी टॉवेल टाकून धरायला गेले, ती माझी चूक. मनगटावर नखं उमटली आणि ती दिवसभर गायब. जखम १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतली, त्याच दिवशी रेबीजची लस घेतली. (ओरखडाच तर आहे, म्हणून कुणीही सोडून देऊ नका.)

मग एका ताईंकडून पिंजरा आणला. काल रात्री तिला उपाशी ठेवलं. ताटलीजवळ वाट बघत बसलेली बघवेना. पहाटे भाजलेला बोंबील पिंजऱ्यात अगदी मागे ठेवला. चाळीस मिनिटांनी दार पडलं. जाळीवर तिने मारलेल्या धडकांचा आवाज अजून कानात आहे. आईची जुनी सुती साडी पिंजऱ्यावर टाकली, आत अंधार झाला तशी ती गप्प झाली. रिक्षावाले काका सगळा रस्ता खड्डे चुकवत आले, हॉर्नही वाजवला नाही त्यांनी.

डॉक्टरांनी जाळीतूनच भुलीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या मांजराच्या चाव्याने गळू झालं होतं. वरून इवलंसं भोक, आत सगळा पू. नसबंदी आता जखम भरल्यावर.

भुलीत असताना पहिल्यांदाच तिच्या कपाळावरून हात फिरवला. किती मऊ आहे ती.

आत्ता बाथरूममध्ये साडीखाली झोपली आहे. मी दाराबाहेर बसलेय.