पहिला पीसीबी करून घेताना: सॉफ्टवेअर, गर्बर आणि फॅब

तापमान मोजून वेळेनुसार १२ व्होल्टचा पंखा चालू-बंद करणारं एक छोटं सर्किट माझ्याकडे झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेला तयार बोर्ड, जोडण्या आपणच वायरींनी करायच्या) व्यवस्थित चालत होतं. एटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर, घड्याळासाठी डीएस३२३१, पंखा चालू-बंद करणारा एक रिले आणि पाच व्होल्टचा रेग्युलेटर, एवढाच संसार. तसेच आणखी काही नग हवे होते, आणि मागच्या बाजूने वायरींचं जाळं पुन्हा पुन्हा सोल्डर करत बसायची माझी तयारी नव्हती. फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड बुडवून घरी करणं हा एक मार्ग असतो. पण दोन्ही बाजूंना तांबं हवं असेल तर भोकांच्या आतून तांब्याचा मुलामा द्यावा लागतो, आणि तो घरी नीट जमत नाही. म्हणून कारखान्यात, म्हणजे फॅबकडून, बोर्ड बनवून घ्यायचं ठरवलं.

शोधायला बसलं की सगळीकडे एकच प्रश्न दिसतो: बोर्डाचं डिझाइन करायला कुठलं सॉफ्टवेअर सोपं? मी दोन-तीन सॉफ्टवेअरवर थोडं थोडं काम करून पाहिलं, आणि मला सोपेपणापेक्षा वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला. यातून शेवटी बाहेर काय पडतं, आणि ते घेऊन मी कोणाकोणाकडे जाऊ शकते?

बोर्ड बनवणाऱ्याला तुमचं सर्किट काय काम करतं याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला स्किमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृतीही नको असते. त्याला हव्या असतात गर्बर फाइली. वरचं तांबं, खालचं तांबं, दोन्ही बाजूंचे सोल्डर मास्क (तांबं झाकणारा रंगीत थर), सिल्कस्क्रीन (छापलेली अक्षरं आणि खुणा), बोर्डाची कड, अशी प्रत्येक थराची एक फाइल. सोबत भोकांची वेगळी एक्सेलॉन फाइल. गर्बर हे नाव जोसेफ गर्बर यांच्या कंपनीवरून आलं; त्यांचे फोटोप्लॉटर फिल्मवर प्रकाशाने ट्रॅक काढायचे आणि त्या यंत्राला दिलेल्या आज्ञा म्हणजे ही फाइल. आज हा फॉरमॅट युकॅम्को ही कंपनी सांभाळते, आणि २०१४ मध्ये त्याची एक्स-टू ही आवृत्ती आली, ज्यात कुठली फाइल कुठल्या थराची हेही फाइलमध्येच लिहिलेलं असतं. तांत्रिक वाटलं तरी माझ्यासाठी सगळ्या निवडीचा पाया हाच होता. गर्बर हातात असेल तर बोर्ड जगात कुठेही बनतो. काही बोर्ड कंपन्यांची मोफत सॉफ्टवेअर अशी होती की त्यातली फाइल फक्त त्याच कंपनीकडे चालायची. अशी सॉफ्टवेअर मी यादीतून आधी काढून टाकली.

ईगलचा विचार करावाच लागला, कारण जुनी ट्यूटोरियल्स आणि खुल्या हार्डवेअरच्या कितीतरी फाइली ईगलमध्ये आहेत. १९८८ मध्ये कॅडसॉफ्टने ते काढलं, २०१६ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं, पुढच्या वर्षी ते सबस्क्रिप्शनवर गेलं. मोफत आवृत्तीत दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटर एवढीच मुभा. मग २०२३ मध्ये ऑटोडेस्कने जाहीर केलं की स्वतंत्र ईगल ७ जून २०२६ ला बंद होणार आणि ते काम त्यांच्या फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येच करायचं. यात कोणाला दोष द्यायचा नाही, पण माझं उत्तर मला मिळालं. स्वतःच्या आवडीसाठी काम करणाऱ्याला दहा वर्षांनी जुनं डिझाइन उघडून एक रेझिस्टर बदलावासा वाटू शकतो. तेव्हा ती फाइल उघडलीच पाहिजे.

फ्रिट्झिंगमध्ये ब्रेडबोर्डचं चित्र काढता येतं, शिकवायला आणि दाखवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण बोर्डाचा लेआउट करताना माझा हात त्यात अडत होता. ईझीईडीए मात्र मनापासून आवडलं. ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल करायची कटकट नाही, आणि सुटा भाग निवडला की त्याचं चिन्ह, फुटप्रिंट (बोर्डावरच्या त्याच्या पॅडचा नकाशा) आणि एलसीएससी या सुटे भाग विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधला क्रमांक एकत्रच येतो. तिथूनच थेट जेएलसीपीसीबी या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडे ऑर्डर जाते. पहिला बोर्ड लवकरात लवकर हातात हवा असेल तर मी आजही कोणालाही हेच सुचवीन. गर्बर त्यातूनही काढता येतात, त्यामुळे अडकून पडायची भीती नाही. फक्त सगळी रचना एका पुरवठादाराभोवती बांधलेली आहे, हे लक्षात ठेवून वापरावं. लिब्रेपीसीबीसुद्धा नेटकं आहे, खुलं आहे. माझ्या भागांसाठी त्याची लायब्ररी त्या वेळी लहान वाटली.

मी कीकॅड निवडलं. १९९२ मध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी फ्रान्समध्ये ते सुरू केलं, २०१३ पासून सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला, आणि आज ते पूर्णपणे खुलं आहे. ईगलच्या मोफत आवृत्तीसारखी थर किंवा आकाराची अडवणूक नाही. फाइली साध्या मजकुराच्या असतात, म्हणजे गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवल्या की काल आणि आज यांत काय बदललं ते दिसतं. ईगलची सहाव्या आवृत्तीपासूनची डिझाइन्स त्यात उघडतात, आणि आठव्या आवृत्तीपासून ईझीईडीएचीही. इतरांच्या फाइली उघडू शकणारं आणि कोणीही बंद करू न शकणारं, हे दोन गुण एकत्र मिळाल्यावर मला जास्त विचार करावा लागला नाही.

कीकॅडमध्ये नवख्याला सगळ्यात जड जाते ती चिन्ह आणि फुटप्रिंटची फारकत. स्किमॅटिकमधला ट्रान्झिस्टर म्हणजे नुसतं चिन्ह, त्याला कुठलं शरीर जोडायचं ते तुम्ही सांगायचं. सुरुवातीला हे उगाचचं काम वाटतं, पण चुकीची जोडी पकडायची खरी जागा हीच आहे. बीसी५४७ आणि पीएन२२२२ए हे दोन्ही ट्रान्झिस्टर टीओ-९२ या एकाच आकाराच्या शरीरात येतात, हातात घेतले तर सारखेच दिसतात. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ए चे एमिटर, बेस, कलेक्टर. रिले चालवायला यांपैकी कुठला वापरणार हे स्किमॅटिकमध्येच ठरवून पिन क्रमांक डेटाशीटशी ताडून पाहिले.

डीएस३२३१ ची गंमत आणखी वेगळी. १६ पायांचा एसओ पॅकेज म्हटलं की लायब्ररीत दोन रुंदीचे फुटप्रिंट समोर येतात, एक साधारण ३.९ मिमी अंगाचा आणि एक ७.५ मिमीचा. दोन्हींत पायांमधलं अंतर १.२७ मिमीच, त्यामुळे स्क्रीनवर दोन्ही बरोबरच वाटतात. घड्याळाची ही आयसी रुंद अंगाची आहे. इथे मी जे केलं ते प्रत्येकाने करावं असं कळकळीने सांगते: लेआउट झाला की तांब्याचा थर एकास-एक प्रमाणात कागदावर छापायचा, पट्टीने बोर्डाची लांबी मोजून प्रिंटरने मोठं-लहान केलं नाही ना ते बघायचं, कागद थर्माकोलवर ठेवायचा आणि खरे भाग त्यात खुपसायचे. रिलेचे पाच पाय, स्क्रू टर्मिनल, रेग्युलेटर, सगळे जागच्या जागी बसतात का. आयसी नुसती पॅडवर ठेवून वरून बघायची. याच कागदावर माझ्या लक्षात आलं की टर्मिनलचं तोंड रिलेच्या इतकं जवळ होतं की स्क्रूड्रायव्हर फिरवायला जागा उरत नव्हती. ते कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही.

लेआउटला हात लावायच्या आधी मी आणखी एक काम केलं, आणि सॉफ्टवेअर व फॅब या दोन निवडी एकमेकींत गुंतलेल्या आहेत असं मी म्हणते ते यामुळेच. दोन-चार फॅब सेवांची क्षमता सांगणारी पानं उघडून किमान आकडे लिहून काढले: ट्रॅकची रुंदी, दोन ट्रॅकमधलं अंतर, सगळ्यात लहान भोक, भोकाभोवतीची तांब्याची कडी, कडेपासून तांब्याचं अंतर. दोन थरांच्या बोर्डांसाठी ०.१५ मिमी ट्रॅक, तेवढंच अंतर आणि ०.३ मिमी भोक बहुतेक ठिकाणी चालतं. मी त्या किमान आकड्यांच्या जवळपासही गेले नाही. सिग्नलला ०.२५ मिमी, व्हियाला (दोन थर जोडणारं मुलामा दिलेलं भोक) ०.४ मिमी, असे ढिले आकडे कीकॅडच्या बोर्ड सेटअपमध्ये आधीच भरले. त्यानंतर डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरमधली नियमांची तपासणी, जे तपासतं ते माझ्या कल्पनेतल्या कारखान्याशी नाही, सगळ्याच कारखान्यांशी जुळतं.

पंख्याचा ट्रॅक वेगळा हिशोब मागतो. नेहमीचं तांबं ३५ मायक्रॉन जाडीचं असतं. कीकॅडसोबत येणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये आयपीसी-२२२१ या बोर्ड डिझाइनच्या मानकाचं सूत्र आहे. बाहेरच्या थरावर १ अँपिअरला १० अंश तापमानवाढ धरली तर साधारण ०.३ मिमी रुंदी येते, २ अँपिअरला जवळपास ०.८. जागा होती म्हणून मी १.५ मिमी दिली. तांबं तर तसंही संपूर्ण बोर्डावर असतंच, नको तिथलं काढून टाकतात, मग काटकसर कशासाठी? बाकी लेआउट शांतपणे केला. १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर मायक्रोकंट्रोलरच्या सप्लाय पिनांना चिकटून, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल त्याच्या पिनांलगत, रिलेच्या कॉइलला समांतर १एन४००७ डायोड, आणि खालचा थर शक्य तेवढा अखंड ग्राउंड. आपोआप ट्रॅक काढणारा ऑटोराउटर वापरला नाही. एवढ्या लहान बोर्डाला भाग नीट मांडले की ट्रॅक जवळजवळ आपोआप सुचतात. मांडणीवर जितका जास्त वेळ घालवाल तितका तो पुढे वाचतो.

गर्बर काढल्यावर त्या लगेच अपलोड करू नयेत. कीकॅडमधलंच जर्बव्ह्यू किंवा वेगळा गर्बर व्ह्यूअर घेऊन एकेक थर चालू-बंद करत बघावा. शक्यतो डिझाइन केलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा वेगळा व्ह्यूअर, म्हणजे फाइल परक्या नजरेला कशी दिसते ते कळतं. भोकं पॅडच्या मधोमध आहेत का, बोर्डाची कड चारही बाजूंनी बंद आहे का, ज्या पॅडवर सोल्डर लागायचं आहे तिथे मास्कला खिडकी आहे का, सिल्कस्क्रीनची अक्षरं पॅडवर चढलेली नाहीत ना. प्रोग्रॅमिंगच्या हेडरपाशी पिन १ ची खूण आणि बोर्डाची आवृत्ती व तारीख मी इथेच वाढवली. वर्षभराने दोन सारखे बोर्ड हातात आले की या तारखेची किंमत कळते.

आता फॅब. हौशी लोकांना परवडणारे बोर्ड मिळतात कारण अनेकांची डिझाइन्स एकाच मोठ्या पॅनलवर एकत्र बनवली जातात. म्हणून नेहमीचे पर्याय स्वस्त पडतात: १.६ मिमी जाडी, दोन थर, हिरवा रंग, एचएएसएल फिनिश (पॅडवर सोल्डरचा थर). बऱ्याच सेवांची सवलत १०० बाय १०० मिमीपर्यंत असते, त्यामुळे आकार ठरवतानाच ही मर्यादा डोक्यात ठेवलेली बरी. अमेरिकेतली ओश पार्क वेगळ्या पद्धतीने चालते. क्षेत्रफळावर दर, तीन-तीनचे संच, जांभळा मास्क आणि मुळातच सोन्याचा मुलामा असलेलं एनिग फिनिश. तिथे कीकॅडची बोर्ड फाइलही सरळ चालते. मी पहिल्या खेपेला एचएएसएल घेतलं, पण शिसेविरहित, कारण हे बोर्ड हातात बराच वेळ राहणार होते. दर बघताना पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क धरूनच तुलना केली. लहान ऑर्डरमध्ये बोर्डापेक्षा तेच जास्त होऊ शकतं.

ऑर्डर दिल्यावर फॅबच्या इंजिनिअरचा मेल आला: माउंटिंगच्या भोकांना आतून मुलामा हवा की नको? माझ्या भोक-फाइलमध्ये ती वेगळी दाखवलेली होती, पण त्यांना खात्री करायची होती. मला हा प्रश्न फार आवडला. माणूस फाइल उघडून बघतो आहे, याहून चांगली हमी कुठली? असे मेल दुर्लक्षित राहिले तर ऑर्डर तिथेच थांबते, म्हणून त्या काळात मेल बघत राहावा.

भाग बसवूनही देणाऱ्या सेवा असतात. त्यांना सुट्या भागांची यादी आणि प्रत्येक भागाची जागा व कोन सांगणारी फाइल लागते, आणि आयसीचा कोन त्यांच्या व तुमच्या लायब्ररीत वेगळा असू शकतो, तेव्हा प्रीव्ह्यूमध्ये पिन १ चा ठिपका पाहूनच होकार द्यायचा. माझ्या बोर्डावर घड्याळाची आयसी सोडली तर सगळे भोकातले भाग, म्हणून मी हातानेच भरले. आधी फक्त रेग्युलेटर आणि त्याचे कपॅसिटर लावून करंट मर्यादित ठेवलेल्या सप्लायवर ५ व्होल्ट मोजले, मग बाकीचे.

दुसऱ्या खेपेला थोडेच नग हवे होते आणि एनिग फिनिश, म्हणून फॅब बदलली. नव्या ठिकाणचे किमान आकडे बोर्ड सेटअपमध्ये घालून डीआरसी पुन्हा चालवलं, एकही एरर नाही. गर्बरची तीच झिप फाइल जशीच्या तशी अपलोड केली. बोर्ड आले, भरले, चालू आहेत. आता याच फाइलींवरून एसएमडी, म्हणजे भोकांशिवाय पॅडवरच सोल्डर होणाऱ्या, एटमेगाची आवृत्ती करायला घेतली आहे. तिथे पायांमधलं अंतर ०.८ मिमी आहे, त्यामुळे सोल्डर पेस्ट आणि ती पॅडवर लावायच्या स्टेन्सिलचा विचार पहिल्यांदाच करतेय, आणि फॅबची पानं पुन्हा उघडी आहेत.