एकच फ्लॅट, दोन जबाब

जुलैत इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला माझ्याकडे येणाऱ्या कागदांच्या पिशवीत घरपट्टीची पावती हमखास असते. सरकारदरबारी भरलेला रुपया कुठे ना कुठे वजा होतोच, अशी लोकांची श्रद्धा. राहत्या घराची घरपट्टी वजा होत नाही. २०१९-२० पासून दोन घरं स्वतःच्या वापराची दाखवता येतात, दोन्हींचं वार्षिक मूल्य, म्हणजे कायद्याने धरलेलं घराचं उत्पन्न, शून्य. शून्यातून काय वजा करणार? वजावट मिळते भाड्याने दिलेल्या घराला, नव्या करप्रणालीतही, पण मालकाने त्याच वर्षात कर प्रत्यक्ष भरला असेल तर. भाडेकरूने भरला तर नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या तर आणूच नका. देखभालीपोटी सरसकट ३० टक्के मिळतात, रंग द्या वा न द्या.

हे गृहस्थ जुने क्लायंट. राहतात कोथरूडला, धायरीचा फ्लॅट भाड्याने. वर्षाचं भाडं २,६४,०००, मिळकत कराची (पुण्यात घरपट्टीला हेच म्हणतात) पावती ११,४०० ची. उरले २,५२,६००, त्याचे ३० टक्के ७५,७८० गेले, करपात्र १,७६,८२०. पाच मिनिटांचं काम. पण त्या इमारतीतल्या फ्लॅटच्या मानाने कर कमी वाटला, म्हणून महापालिकेचं बिल मागवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या गठ्ठ्यात पीटी-३ अर्जाची पोचही होती.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मालक स्वतः राहत असेल तर इथे मिळकत करात ४० टक्के सवलत आहे. मधे ती बंद झाली होती, २०२३ मध्ये परत आली आणि तिच्यासाठीचा पीटी-३ अर्ज भरायला झुंबड उडाली. यांनीही भरला होता, धायरीच्या फ्लॅटसाठी. सोबत मालक स्वतः राहतात असं सोसायटीचं पत्र. सोसायट्या असली पत्रं चहा पिता पिता देतात.

फोन लावला. "धायरीत तुम्ही राहता?"

"मी कशाला राहू? तुम्हीच भाडं दाखवताय की."

"मग पीटी-३ वर सही कुणाची?"

"अहो, ते महापालिकेचं. तुमचं इन्कम टॅक्सचं ना?"

गंमत म्हणजे रिटर्नमधला एकही आकडा खोटा नव्हता. भाडं पूर्ण दाखवलेलं, लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत, ११,४०० त्यांच्याच खात्यातून गेलेले. आणि या वजावटीने वाचत होते किती? ३० टक्क्यांचा हिशेब धरून, २० टक्क्यांच्या स्लॅबला सेससकट जेमतेम १,६६० रुपये. माझ्याकडे सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करणारा मुलगा म्हणाला, "सर, आपलं रिटर्न बरोबर आहे, सोडा ना." या मुलांना कलमं तोंडपाठ असतात, बाकी काही नाही.

मी सवलत रद्द करून फरक भरायला सांगितलं. कर कुठल्याही वर्षाचा असो, ज्या वर्षी भराल त्या वर्षी वजा होतो; दंडाची रक्कम मात्र नाही, हेही सांगितलं. त्यावर उत्साहाने म्हणाले, "मग यंदाच धरून टाका, भरतो मी सावकाश."

रिटर्न ११,४०० वरच भरलं. फरकाबद्दल ईमेल लिहिली, प्रत फाइलला लावली. उत्तर नाही, फी मात्र त्याच दिवशी जमा.

पुढच्या जुलैत तशीच पावती आली, तर वजावट नाकारायला माझ्याकडे कायद्याचा आधार नाही. भरलेले पैसे भरलेलेच. कामच नाकारता येईल, पण मग ते दुसऱ्याकडे जातील, आणि तो बिलही मागणार नाही.