हस्त नक्षत्राजवळच्या मिशा

हस्त म्हटले की आपल्याकडे हादगा आणि पाऊस आठवतो. परंतु ते नक्षत्र प्रत्यक्ष पाहायचे असेल तर चैत्र-वैशाखातल्या रात्रीच चांगल्या. गेल्या चैत्र अमावास्येला गावाबाहेरच्या शेतात आठ इंची दुर्बीण मांडली आणि हस्ताच्या पंजापासून थोडी पश्चिमेला सरकवली, तेव्हा स्वल्पविरामासारखा वाकलेला एक फिकट डाग दिसला. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १७८५ साली नोंदवलेली ही एकमेकींत गुंतलेल्या दोन दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या दोन अवाढव्य समूहांची जोडी; ‘एनजीसी’ या खगोलीय सूचीतले यांचे क्रमांक ४०३८ आणि ४०३९. बराच वेळ प्रकाश साठवून घेतलेल्या छायाचित्रांत या डागातून झुरळाच्या मिशांसारखे दोन लांब, वळणदार धागे निघालेले दिसतात; म्हणूनच यांना अँटेना दीर्घिका म्हणतात.

एवढे बारीक धागे निव्वळ गुरुत्वाकर्षणाने ओढले जातील, हे पूर्वी अनेकांना पटत नव्हते. १९७२ साली आलार आणि यूरी तूमरे या बंधूंनी संगणकावर दोन दीर्घिका एकमेकींजवळून नेल्या. त्यांच्या गणितात तारे एकमेकांना ओढतसुद्धा नव्हते, ओढ होती ती फक्त दोन केंद्रांची. तरीही मिशा उमटल्या. कारण समुद्राच्या भरतीचेच आहे: जवळच्या बाजूला ओढ अधिक आणि लांबच्या बाजूला कमी, त्यामुळे दीर्घिकेतल्या ताऱ्यांची फिरती, चपटी तबकडी दोन्हीकडे ताणली जाते. त्यातही पाहुणी दीर्घिका ज्या दिशेने वळसा घालते त्याच दिशेने तबकडी फिरत असेल, तर कडेचे तारे बराच काळ तिच्या सोबतीने चालतात, तिची ओढ त्यांच्यावर साठत जाते आणि ते लांब फेकले जातात. तबकडी उलट फिरत असेल तर तीच भेट फारशी खूण न ठेवता निघून जाते. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दीर्घिकांच्या अशा भेटीला सहसा ‘टक्कर’ म्हणतात, पण तो शब्द मला थोडा खटकतो. सूर्य मोहरीएवढा मानून पुण्यात ठेवला, तर त्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा जेमतेम लोणावळ्याच्या आसपास येईल. इतक्या विरळ गर्दीत तारे एकमेकांवर आदळणे जवळजवळ अशक्यच. खरोखर आदळतात ते वायूचे अवाढव्य मेघ. ते दाबले जातात आणि त्यांतून ताऱ्यांचे थवेच्या थवे जन्मतात. हबल दुर्बिणीला या जोडीत असे हजाराहून अधिक तरुण तारकागुच्छ आढळले.

त्या रात्री मिशा काही दिसल्या नाहीत, आणि आठ इंची दुर्बिणीतून त्या दिसणारही नव्हत्या. तरी डोळा पुन्हा पुन्हा डागाच्या दक्षिणेकडच्या रिकाम्या काळोखाकडे वळत होता, कारण तिकडच्या मिशीच्या टोकाशी वायू साठून नवे तारे पेटले आहेत आणि तेथे एक छोटी दीर्घिका आकार घेत असावी, असे अभ्यासकांना वाटते.