राखणदाराचे चित्र

पुण्यातील एका प्रकाशनसंस्थेत मी मुलांच्या पुस्तकांचे संपादन पाहते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या गोष्टींची हस्तलिखिते आमच्याकडे नेहमीच येतात आणि त्यांतली बरीचशी परत जातात, कारण गोष्ट कागदावर उतरवताना ती सांगणारे माणूसच त्यातून नाहीसे झालेले असते. कोकणातल्या आरवलीहून आलेली राखणदाराची, म्हणजे रात्री गावाची राखण करणाऱ्या अदृश्य रक्षकाची, गोष्ट मी पहिल्या वाचनातच ठेवून घेतली. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. गोष्ट त्यांच्या आईची, आणि आईने ती आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली. हे वडील शिरोड्याच्या मिठागरात कामाला होते. एका अवसेच्या रात्री घरी परतताना त्यांचा कंदील विझला, पाठीमागून घुंगुरकाठीचा आवाज येऊ लागला आणि त्या आवाजाच्या सोबतीने ते पाणंद पार करून थेट आपल्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, पोहोचले.

आरवली हे वेतोबा या ग्रामदेवाचे गाव. देव रात्री गावभर फिरतो या श्रद्धेने भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि त्या झिजलेल्या दिसल्या की तो फिरून आला असे मानतात. या कुटुंबाच्या गोष्टीत मात्र सोबत करणाऱ्याचे नाव कुठेही येत नाही. त्याला फक्त ‘तो’ म्हणतात.

चित्रकार कुडाळकडचा तरुण. जवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची, परंपरा जपली आहे, तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतल्या मोठ्या डोळ्यांच्या, ठसठशीत रेषेच्या आकृती या तरुणाने लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्याने राखणदार तसाच काढला होता: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, भरघोस मिशा आणि रोखून पाहणारे डोळे. चित्र म्हणून ते उत्तम होते, असे मला आजही वाटते.

रंगकाम पक्के करण्याआधी कच्ची प्रत गोष्टीच्या घरात वाचून दाखवायची, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी आम्ही दोघे आरवलीला गेलो. नव्वदीच्या आजी ओटीवरच्या बाकावर बसल्या होत्या, लेक शेजारी, पतवंडे खाली. चोवीस पानांच्या पुस्तकात पहिले आणि शेवटचे पान सोडले की गोष्टीला अकरा जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या अकरा जोड्या, मिळतात. सातव्या जोडपानावर राखणदार आला तेव्हा आजींनी पानावर हात ठेवला आणि चित्रकाराला विचारले, “तेचा तोंड कोणीच बघूक नाय रे, मगे तू काढलंस कसा?”

मग त्यांनी ती गोष्ट स्वतः सांगितली. कंदील विझल्यावर त्या बोलायच्याच थांबल्या. बाकाच्या फळीवर त्यांनी बोटांच्या पेरांनी एक ठोका दिला, थांबल्या, पुन्हा एक दिला. प्रत्येक ठोक्यासरशी पोरे एकमेकांना बिलगत होती. हस्तलिखितात या जागी राखणदाराचे सहा ओळींचे वर्णन होते, आणि ते आपण पदरचे घातल्याचे लेकीने तिथेच सांगितले.

चित्रकाराची अडचण रास्त होती. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे नुसते काळे जोडपान ठेवले तर ते पान उलटून मोकळे होईल. दुपारभर आम्ही त्यावर बोललो. मला वाटते, घरची गोष्ट जे सांगत नाही तेही तिचा मजकूरच असतो. चित्राने ती जागा भरून टाकली, तर त्या घरातल्या मुलांनी इतकी वर्षे मनात पाहिलेला राखणदार पुसला जातो. शेवटी चित्रकाराने पेन्सिलीने नवे चित्र मांडले. पुढे मिठागरातून येणारा माणूस, हातात विझलेला कंदील; मागे काठीचे खालचे टोक, तिचे घुंगूर, वहाणेचा अंगठा आणि घोंगडीची कड. बाकीची आकृती पानाबाहेर. छापखान्यात कडेचे तीन मिलिमीटर कापले जातात, म्हणून कड नेमकी कुठे तुटावी हे त्याने पट्टी लावून ठरवले. सहा ओळी गेल्या, त्यांच्या जागी काठीचा आवाज आला. आजींनी चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि वहाण मोठी कर म्हणून सांगितले.

उरला प्रश्न नावाचा. १९५७ चा कॉपीराइट कायदा लिहिलेल्या संहितेला संरक्षण देतो. ऐकत आलेल्या गोष्टीवर सांगणाऱ्याला त्यातून हक्क मिळत नाही. तरीही शीर्षकपानावर ‘सांगितली’ म्हणून आजींचे नाव आधी आणि ‘लिहिली’ म्हणून लेकीचे नंतर, तसेच मानधनाचे दोन समान वाटे, असा प्रस्ताव मी ठेवला. लेकीने लगेच मान्य केला. आजींनी आपल्या वडिलांचेही नाव हवे असा हट्ट धरला, तो मला पटला. करारात ती ओळ हातानेच घातली, आणि पुढच्या चार जोडपानांतला राखणदारही नव्याने काढायचा असल्याने छपाई एक महिना पुढे ढकलली.