जामनीची आजी

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर कोणत्या जिप्सीत कोणता गाईड बसणार हे पाळीने ठरतं. त्या सकाळी माझ्या वाट्याला पुण्याहून आलेलं एक कुटुंब आलं. मुलगा, सून, सुनेची बहीण, तिचा नवरा, शाळकरी नातू आणि मधल्या सीटवर लुगडं नेसलेली आजी. एप्रिल नुकताच लागला होता. मोबाईल गेटवर जमा झाले आणि नातवानं विचारलं, "ताई, वाघ किती वाजता दिसतो?" मोठी माणसंही मला हेच विचारतात, म्हणून मी त्याला हसले नाही.

गाडी निघाली की माझं पाठ असलेलं सुरू होतं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र साधारण ११६ चौरस किलोमीटर. अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून गाभा क्षेत्र सव्वासहाशेच्या आसपास. ताडोबा हे नाव तारू देवावरून आलं. तारू हा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला असं सांगतात. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरते. रस्त्याकडेचे दगडी खांब दाखवले: गोंड राजांच्या काळातले, त्यांतून दोर ओवून घंटा वाजवत निरोप धाडायचे म्हणतात. मग ऐनाचं झाड आलं. "बघा, साल कशी मगरीच्या पाठीसारखी," मी म्हटलं.

"तो देव हाय आमचा," आजी पहिल्यांदाच बोलली. "बडादेव राहते त्याच्यात."

"कुठल्या जी तुम्ही, आजी?"

"जामनीची."

ड्रायव्हरनं मान वळवून मागे पाहिलं. जामनी हे गाभ्यातलं गाव, पुनर्वसन होऊन बाहेर गेलेलं. आम्हा गाईडांच्या तोंडी मात्र जामनी म्हणजे एक पॉइंट. 'जामनीत बसली आहे' असा निरोप आला की वाघीण समजायची आणि गाडी पिटाळायची. तसं होण्याचं कारणही सरळ आहे. घरं पाडली, शेतं पडीक झाली, तिथे गवत वाढलं. गवतावर चितळ, सांबर, रानगवे आले आणि त्यांच्या मागे वाघ. पर्यटकांना मी हे एका वाक्यात सांगते आणि दुर्बीण पुढे करते.

त्या दिवशी कुरणाच्या कडेला गाडी थांबवली, तेव्हा बोलायची पाळी माझी नव्हतीच. "ते चिच दिसते ना, ते आमच्या सांदवाडीतली. त्या तिकडं आखर, गाई जमायच्या. हे बोडी माह्या सासऱ्यानं खांदली." सांदवाडी म्हणजे घरामागची वाडी, बोडी म्हणजे छोटं तळं. मोकळ्या कुरणात चिंच किंवा कडुनिंब दिसला की तिथे वस्ती होती हे ओळखायला मी शिकले आहे, साग, ऐन, बिजा, धावडा यांच्या गर्दीत ही झाडं माणसांच्या मागे येतात. पण कोणती चिंच कोणाची, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळणार? पलीकडे मोहाची झाडं होती. त्यांचीही वाटणी असायची म्हणे, अमुक झाडाची फुलं अमुक घरानं वेचायची. पहाटे टोपली घेऊन निघायचं, वेचलेली फुलं अंगणात वाळवायची, पुढे टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, फोडून तेल काढायचं. त्या सकाळीही फुलांचा सडा पडला होता. चार चितळं तो खात होती, रात्री अस्वलं येतात.

कडुनिंबाखाली मातामायचा ओटा होता. देवी नव्या गावी नेली, जागा इथेच राहिली. आजीला खाली उतरून पाया पडायचं होतं. गाडीतून उतरायची परवानगी नसते आणि त्याला माझ्याकडे इलाज नव्हता. नियम वाघासाठी आहे तसा आजीसाठीही आहे, कारण त्या गवतात काय बसलं आहे हे मलाही दिसत नव्हतं. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. आजीनं सीटखाली चपला काढल्या, उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

आता गंमत अशी की कुरणाकडे तोंड करून गाडी थांबली आणि एक माणूस उभा राहिला, की मागच्यांना एकच अर्थ कळतो. दोन मिनिटांत पाच जिप्सी मागे लागल्या. कॅमेऱ्याच्या मोठमोठ्या नळ्या निंबाकडे वळल्या. "कुठे? कुठे आहे?" ड्रायव्हर हळूच म्हणाला, "काही नाही जी, आजी पाया पडून रायली." एका साहेबांचा चेहरा फारच उतरला.

मी विचारलं, "वाईट वाटते का आजी?" तिनं थोडा वेळ घेतला. "वाटते ना. पण बाई अडली की बैलगाडीत घालून न्या लागे, बाप्पा. गोऱ्हा तर वाघानं गोठ्यातून उचलला होता. पोरगा शिकला तो बाहेर गेला म्हनूनच." मुलगा दुसरीकडे बघत होता. मग ती म्हणाली, "मोहफूल मात्र विकत घ्या लागते आता." शहरात बसून पुनर्वसन चांगलं की वाईट यावर भांडणाऱ्यांना हे एकत्र पचत नाही, आजीला पचलं होतं.

परतीच्या वाटेवर तेलिया तलावात वाघीण पाण्यात बसलेली दिसली, लांबून, फक्त डोकं. नातू खूश, कॅमेरे खूश. गेटवर ड्रायव्हर म्हणाला, "आजीला तरी तिकीट नाही पडाले पायजे होतं." आजी म्हणाली, "काहून? आता गाव हाय का तिथं?"

तेव्हापासून माझ्या पाठ असलेल्या भाषणात आखर, चिंच आणि बोडी आली आहे. बोडीवरून मात्र आमच्यातच वाद आहे. एक गाईड जामनीचाच. तो म्हणतो, बोडी आधीपासूनच होती, आजीच्या सासऱ्यानं फक्त गाळ काढला. पौषात आजी तारूच्या जत्रेला आली, तर दोघांना समोरासमोर बसवणार आहे.