आधी हीर, मग हेडगॅस्केट

सेकंडहँड गाडीची वॉरंटी संपत आली की माणूस कान टवकारून गाडी चालवायला लागतो. रोजचीच खडखड अचानक महागडी वाटू लागते. खरं तर कोकणात त्या कागदाचा उपयोग आधीपासूनच बेताचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरचं रबर हे झिजणारं सामान म्हणून सहसा वॉरंटीबाहेर असतं, बॅटरी-टायरसाठी ज्याच्या त्याच्या कंपनीकडे जावं लागतं, आणि खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या पत्र्याला तर कुणीच वाली नसतो. देवगड असो की गुहागर, इथल्या गाड्यांची बरीचशी दुखणी पाणी, मीठ आणि घाट यांच्यापायीच असतात. म्हणून गॅरेजात मोठा आकडा ऐकण्याआधी दहा-वीस रुपयांची कारणं निकालात काढावीत.

दरवाजाचंच घ्या. काचेच्या रबरातून पावसाचं थोडं पाणी दारात उतरतंच, ती काही बिघाडाची खूण नाही. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला लहान भोकं ठेवलेली असतात. तांबडी माती आणि कुजलेली पानं त्यांत बसली की पाणी आतच राहतं, वळणावर डुचमळल्याचा आवाज येतो, आणि खालची शिवण आतून सडू लागते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. उपाय म्हणजे माडाच्या झाडूतला एक हीर. तो खालून भोकात घालून हलकेच फिरवावा. तार घालू नये, ती रंग खरवडते आणि तिथूनच गंज धरतो.

पायाखालचं मॅट ओलं होत असेल तर पाणी केव्हा येतं ते बघावं. एसी चालवल्यावरच येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. एसी बंद असतानाही पावसात येत असेल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचलीत, विशेषतः गाडी झाडाखाली लागत असेल तर. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे, हीटरची आतली जाळी गळतेय. या तिसऱ्या कारणालाच काय तो मोठा खर्च.

इंजिन ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली की ‘हेडगॅस्केट गेलं’, म्हणजे इंजिन आणि त्याचा वरचा भाग (हेड) यांच्यामधलं सील फुटून कूलंट तेलात मिसळलं, असा निकाल फार पटकन लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो जरा थांबवावा. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीचं तेल नीट तापतच नाही. आतली दमट हवा थंड झाकणाला लागून पाणी होते आणि तेलात घुसळली जाते. गाडी थंड असताना कूलंटच्या बाटलीवर पेनाने पातळीची रेघ मारावी, झाकण पुसून घ्यावं, आणि महामार्गावर अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी. पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर पातळी रेघेवरच असेल, डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) तेल स्वच्छ असेल, तर गॅस्केटला हात लावायचं कारण नाही. पातळी उतरत असेल, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहत असेल, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा घट्ट होत असेल, तर मात्र गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी. तापलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं की खर्च दुप्पट. आणि कूलंटमध्ये विहिरीचं पाणी घालायची सवय सोडावी. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बस.

स्टार्टर आळसावला, हेडलाइट मंदावली, डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन दिवे लागले, की नवी बॅटरी गळ्यात पडते. खाऱ्या हवेत अनेकदा दोष अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या वायरचा निघतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरावं आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगावं. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट गंजलाय. १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडावी, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी, आवळून वर व्हॅसलीन लावावं. चालू इंजिनावर बॅटरीच्या खुंट्यांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं नावही काढू नये.

स्टीअरिंग पूर्ण वळवताना चाकाकडून टक-टक-टक आलं तर एक्सलचा जॉइंट. त्याच्यावरचं रबरी बूट आधी फाटतं, ग्रीस उडतं, मग पुळणीची वाळू आणि पाणी आत जातं. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसताच बूट बदललं तर काही शेकड्यांत भागतं, आवाजाची वाट बघितली तर अख्खा एक्सल.

आंबा किंवा फोंडा घाट उतरल्यावर ब्रेक पेडल स्पंजासारखं दबत असेल तर पॅडआधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. दर दोन वर्षांनी बदलावं, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा.

गणपतीनंतर थेट शिमग्याला हलणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळंच. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेक लायनर चाकाच्या ब्रेक ड्रमला चिकटतात. एक्सिलेटर दाबून ओढलं तर लायनर उखडून ड्रममध्येच अडकतो. ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून हातोड्याचे हलके ठोके द्यावेत आणि गाडी पुढे-मागे हलवावी. जाताना सपाट जागेवर पहिला गिअर टाकून चाकाला जांभ्याचा चिरा लावला, हँडब्रेक सोडला, तर हा प्रश्नच येत नाही. चिरा न काढताच शिमग्याला गाडी सुरू करणारे चाकरमानी असतात, ती गोष्ट निराळी.