वीस मिनिटांची नळी

ऑक्टोबरात कोकणात भातकापणीची घाई असते आणि आमच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास एका काकूंना रिक्षातून आणलं. कातळावर गवत कापताना बोटाला चावा बसला होता. दिराने मारलेलं जनावर पिशवीत आणलं होतं: हातभर लांब, डोक्यावर बाणासारखी खूण. फुरसंच.

माझा हात आधी खणातल्या रेफर चिठ्ठ्यांकडे गेला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी घोणस चावलेला एक शेतमजूर माझ्याकडे आला होता. सापाच्या विषावरची लस कपाटात होती. पण ती घोड्याच्या रक्तापासून बनते, तिची रिॲक्शन येऊ शकते, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. भूलतज्ज्ञ नाही, व्हेंटिलेटर नाही. मी लस न देताच त्याला जिल्ह्याला पाठवलं. तो वाचला, पण मूत्रपिंडं बिघडली, डायलिसिस करावं लागलं. 'पेशंट गंभीर होता' असं मी स्वतःलाही सांगत राहिलो. खरं तर मी घाबरलो होतो, आणि त्या घाबरण्याचे अडीच तास त्याने रस्त्यात काढले.

काकूंच्या हाताला मनगटापर्यंत सूज होती, हिरड्यांतून रक्त येत होतं. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि स्टँडवर उभं ठेवलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. नंतर एकदाच आडवी करून बघायची: रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय, लस द्यायलाच हवी.

त्या वीस मिनिटांत मी सिस्टरना म्हणालो, "मला रिॲक्शनची भीती वाटतेय."

त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, "मलाही वाटते, सर. ॲड्रेनालिन आधीच भरून ठेवते."

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू! ऑक्सिजन तपासला, दुसऱ्या हाताला सलाईन लावलं, १०८ ला कळवून ठेवलं. काकूंचे यजमान विचारत होते, "डॉक्टर, पुढे नेऊ का?" त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, रिॲक्शनचंही. "गरज लागली तर नेऊ, पण लस इथेच सुरू करू." त्यांनी मान हलवली.

नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

लसीच्या दहा व्हायल, म्हणजे दहा कुप्या. पावडर विरघळवताना हलवायची नाही, फेस येतो. तळहातांत हळूहळू फिरवायची. माझे हात थरथरत होते, तरी फिरवत राहिलो. थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

बाराव्या मिनिटाला काकूंना खाज सुटली, अंगावर गांध्या उठल्या, उलटी झाली. ज्याला मी इतकी वर्षं टाळत होतो ते समोर होतं. लस थांबवली, मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन दिलं. नाडीवर बोट ठेवून बसलो. पंधरा मिनिटांनी गांध्या बसल्या, रक्तदाब नीट होता. लस पुन्हा सुरू केली, आधी अगदी सावकाश.

लस दिल्यानंतर सहा तासांनी, रात्री साडेदहाच्या पुढे, परत रक्त घेतलं. परत वीस मिनिटं. यजमान दारातच उभे होते.

नळी आडवी केली. गुठळी तळ धरून राहिली. सिस्टरनी ती माझ्या हातातून घेतली आणि दारात जाऊन त्यांना दाखवली.